विधवा राणीची रजई

सहलीच्या कागदावर तिसऱ्या दिवसापुढे लिहिलं होतं : ‘सकाळी आमेरचा किल्ला. दुपारी राजेशाही खरेदी.’ वाचून मला हसू आलं. जयपुरात मी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत वाढले आणि आमची खरेदी व्हायची ती सोडाल्याच्या भाजीबाजारात, आईनं भाजीवाल्या भैयाशी मटारच्या शेंगांवरून घातलेल्या वादासकट. राजेशाहीचा संबंध एवढाच की घरी परतताना लांबून किल्ला दिसायचा.

हॉटेल जगतपुऱ्याला होतं. बाबा रेल्वेत गार्ड होते, त्यांच्या वेळी जगतपुरा म्हणजे एक एवढंसं स्टेशन आणि मागे वाळू. मालगाडी घेऊन बस्सीकडे जाताना बाबा तिथून हिरवा झेंडा दाखवत जायचे. आता तिथं इमारतींची रांग आणि इंजिनियरिंग कॉलेजांच्या पाट्या. खोलीत उशाशी एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली होती, ‘शहर जे तुम्हाला रिकाम्या हातानं जाऊ देत नाही.’ मी ती पालथी घातली. माझ्या पर्समध्ये आईनं दिलेलं एक पाकीट होतं, आणि चौथ्या दिवशीची मोकळी सकाळ मी त्या पाकिटासाठी राखून ठेवली होती. जोहरी बाजारातल्या रजईवाल्या मामाजींच्या दुकानात जायचं, ते द्यायचं, एक चहा घ्यायचा.

पण तिसऱ्या दिवशी दुपारी बस आम्हाला आमेरच्या रस्त्यावरच्या एका भल्यामोठ्या हवेलीसारख्या दुकानापाशी घेऊन गेली. हवेली नवीन होती, तिला जुनी दिसायला रंगवलं होतं. दारात नगारा वाजला, कपाळाला टिळे लागले. उजव्या हाताला उंच खुर्चीवर केशरी साफा बांधून एक म्हातारा बसवला होता, पांढऱ्या मिशा पिळलेल्या, हात जोडलेले. येणाऱ्या प्रत्येकाला तो ‘पधारो सा’ म्हणत होता. बायका त्याच्या शेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. माझ्या शेजारच्या सीटवरच्या सुनंदाताईंचा फोटो मीच काढला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे माझं लक्षही गेलं नाही.

आत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एका माणसानं पांढऱ्या कापडावर लाकडी ठसे मारून चार रंगांत हत्ती उमटवून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गादीवर बसवून मसाला चहा. मग एका पस्तिशी-चाळिशीच्या गोऱ्यापान विक्रेत्यानं रजई हवेत उडवली, ती अलगद खाली आली. ‘पाव भर रुई, मैडम! और ठंड की छुट्टी!’ हे वाक्य ऐकून मला एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. हे वाक्य माझं होतं, माझ्या लहानपणीचं. मी चहाचा कप खाली ठेवला.

मग त्यानं आवाज बारीक केला. दिवे मंद झाले. समोरच्या भिंतीवरचा मखमली पडदा बाजूला सरकला आणि काचेच्या मागे एक जुनी रजई उजळून निघाली.

‘ये बिकाऊ नहीं है,’ तो म्हणाला. ही जनान्यातली. एका राणीची. राजा लढाईत गेला, राणी तरुण वयात विधवा झाली. तिनं आपला पांढरा विधवेचा पोशाख फाडून मधोमध लावला. हा लाल आणि हा हिरवा तुकडा राजाच्या रणांगणातल्या निशाणाचा. हा निळा तुकडा तिच्या न जन्मलेल्या मुलासाठी विणलेल्या वस्त्राचा. बायकांमधून ‘अरेरे’ असा आवाज आला. सुनंदाताईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

मी उठून काचेपाशी गेले. निळा तुकडा माझ्या रेल्वे शाळेच्या स्कर्टचा होता. त्याच्या काठाला आईनं लांबी वाढवण्यासाठी उसवलेल्या शिवणीची फिकट रेघ अजून दिसत होती. लाल आणि हिरवा बाबांच्या झेंड्यांचा होता. आणि तो मधला पांढरा, राणीच्या वैधव्याचा पांढरा, माझ्या आईच्या लग्नातल्या साडीचा होता.

आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत लग्नाला उभी राहते. भुसावळच्या एका मांडवात, पंचशील म्हणताना, माझी आई ही साडी नेसून उभी होती.

डाव्या कोपऱ्याकडे खाली पाहिलं. तिथं कापड किंचित फुगलं होतं. मी काचेवरून त्या फुगवट्यावर बोट ठेवलं.

‘काँच को मत छुइए, मैडम,’ विक्रेता मागून म्हणाला.

*

ती गोधडी आईनं आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर शिवली, दोन हिवाळे लागले. जयपूरचं हिवाळ्यातलं ऊन पाठीवर घेऊन बसायचं असतं, ते तोंडावर घेतलं तर डोळे दुखतात. सगळ्या कॉलनीच्या गच्च्यांवर रजया वाळत असायच्या, त्यांच्यातून कापसाचा आणि रात्रीच्या झोपेचा कोमट वास यायचा. आई पाय पसरून बसायची, मी तिच्यासमोर सुयांत दोरे ओवायचे. बाहेरच्या कडेनं सुरू करून टाके आत आत नेत मधल्या पांढऱ्यापर्यंत यायचं. मध्येच रुळांवरून मालगाडी गेली की आई सुई थांबवायची आणि गार्डाचा डबा दिसेपर्यंत पाहत राहायची. बाबा त्यात असोत नसोत.

कोपरा बंद करायच्या आधी तिनं मुठीतून चार दाणे काढले, दादरचे. आमच्याकडची रब्बीची ज्वारी, आजी भुसावळहून पिशवीतून पाठवायची. ते चार दाणे कोपऱ्यात घालून तिनं टाका ओढला. मी विचारलं, का? ‘गोधडीचं पोट रिकामं ठेवू नाही,’ ती म्हणाली. ‘रिकाम्या पोटी कुणाला ऊब देईल ती?’ तिच्या माहेरी तसंच करत. मला ते इतकं पटलं की मी त्या रात्री पांघरल्यावर कोपरा चाचपून दाणे मोजले. चारच होते.

मामाजी आमच्या घरी आले ते त्याच्याही आधी, आमच्या पहिल्या हिवाळ्यात. आईनं जोहरी बाजारातल्या त्यांच्या चिंचोळ्या दुकानातून एक रजई घेतली होती आणि ती भरून झाल्यावर ते स्वतः सायकलवर बांधून क्वार्टरवर घेऊन आले. तेव्हा तीस-पस्तिशीतले असतील. डोक्याला काही नाही, कानावर पेन्सिल, भुवयांवर कापूस. आईनं चहा दिला. त्यांनी आडनाव विचारलं नाही. कप हातात घेतला, खाटेवर बसले, चहा प्यायले आणि दुसरा कप मागून घेतला. ही गोष्ट आई पुढे अनेक वर्षं सांगत राहिली, आणि सांगताना दर वेळी ‘दुसरा’ या शब्दावर थांबायची. ज्यांना तिथं का थांबायचं ते कळायचं, त्यांना कळायचं.

आमच्या घरी राखीचं विशेष नव्हतं. मामाजीच एका श्रावणात म्हणाले, ‘बहनजी, मेरे कोई बहन नहीं है.’ तेव्हापासून आई त्यांना राखी बांधू लागली. दोऱ्याची, स्वतः वळलेली, गोधडीच्याच रंगाची. ते तिला ओवाळणीत फीणीचा, तिथल्या शेवयांच्या मिठाईचा, डबा द्यायचे. तुपातल्या फीणीचा वास आणि दुकानातल्या केवड्याच्या उदबत्तीचा वास माझ्या डोक्यात अजून वेगळे होत नाहीत.

त्यांच्या दुकानामागच्या गल्लीत पिंजाऱ्याची धनुकली दिवसभर टणटणत असायची. त्या आवाजाची सवय झाली की तो थांबल्यावर दचकायला व्हायचं. गल्लीच्या तोंडाशी कचोरीचं तेल, आत कोरा कापूस, आणि ठशांच्या कापडाला येणारा कसलासा ओला, मातकट वास. मी तिथं तासन् तास बसायचे. रजयांच्या थप्पीवर चढून बसायचं, वर छताला डोकं लागेपर्यंत. मामाजी रागवायचे नाहीत.

आणि पाहुणे! रेल्वेचा पास असलेले सगळे नातेवाईक हिवाळ्यात जयपूर पाहायला यायचे. भुसावळ, नागपूर, मनमाड. आईचा कार्यक्रम ठरलेला होता : हवामहल बाहेरून, कचोरी, मग मामाजी. आजकाल शहरं माणसं पगारावर ठेवून जे करतात ते माझी आई फुकट करायची. दुकानाच्या पायरीवर चप्पल काढता काढता ती पाहुण्यांना सांगायची, ‘इथं घ्या. आपला भाऊ आहे, फसवणार नाही.’ एवढं बोलून ती बाजूला बसायची. मामाजींनाही बोलायचं काही नसायचं. एकदा रजई उडवायची, ‘पाव भर रुई’ म्हणायचं, आणि मग पाहुणीला सांगायचं, ‘हाथ अंदर डालिए, बहनजी.’ ती घडीत हात घालायची. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. हाताला हळूहळू ऊब यायची, ती चेहऱ्यावर दिसायची, आणि रजई विकली जायची. राणी नाही, राजा नाही, लढाई नाही. त्या मिनिटभराच्या शांततेइतकी खरी जाहिरात मी नंतर कुठं पाहिली नाही.

गोधडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती संक्रांतीला. गच्चीवर पतंगांचा दंगा चालला होता, ‘वो काटा’च्या आरोळ्या, आणि ते पतंग सोडून गोधडीपाशी उकिडवे बसले. टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं, सुई घुसून, कधीकाळी. ‘बहनजी,’ ते म्हणाले, ‘ये दुकान में नहीं बन सकती.’ आई लाजली. मला मामाजींचा फार अभिमान वाटला, त्यांना कळलं म्हणून.

मग बाबांची बदली झाली, परत भुसावळला. सामान बांधताना मामाजी येऊन मदत करत होते. गोधडीची कड विरली होती. ते म्हणाले, रजईला लावतो तशी कापडाची पट्टी, मगजी, मी हिच्या कडेला लावून देतो, ‘भाई की तरफ से.’ आईनं ती त्यांच्या हातात दिली. घडी घालताना कोपरा चाचपून पाहिला आणि दिली.

निघायच्या आदल्या दिवशी मला आणायला पाठवलं. मामाजींनी मला थप्पीवर बसू दिलं नाही, तेवढंच वेगळं. फीणी दिली. दुकानात एक गोरं जोडपं बसलं होतं, त्यांच्यापुढे चहा होता, आणि आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता. तो पडदा कधी ओढलेला मी पाहिला नव्हता. ‘कारीगर के यहाँ से आई नहीं, बेटा. पार्सल से भेज दूँगा.’ मी फीणी खात घरी आले.

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनवर आले. कचोऱ्यांचा पुडा, पाण्याची सुरई. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून चार पावलं चालले आणि रडले. खोटं रडले असते तर बरं झालं असतं. ते खरं रडले होते, आणि तेच मला आज पचत नाही.

पार्सल आलं नाही. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, हिंदीत. घरात झरझर हिंदी वाचणारी मीच, म्हणून मीच ते आईला वाचून दाखवलं. लिहिलं होतं, बहनजी, माफ करा, कारागिराकडे गोधडी उंदरांनी कुरतडली, कोपऱ्यात धान्य होतं म्हणून. काही उरलं नाही.

आई तांदूळ निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘दाणे मीच घातले होते ना.’ तिनं त्यांना उत्तर लिहायला मला बसवलं : कपड्याचं काय एवढं, मनाला लावून घेऊ नका. आणि श्रावणात राखी पाठवली. दर वर्षी पाठवत राहिली, अडतीस वर्षं. पाकिटात राखीबरोबर चार दाणे घालायची. मला वाटायचं अक्षतांसारखं असेल.

गोधडी मात्र तिनं पुन्हा कधी शिवली नाही. जुन्या साड्या बोहारणीला जाऊ लागल्या. कुणी विचारलं तर म्हणायची, डोळे पोहोचत नाहीत.

*

‘ये मेरी माँ की है,’ मी काचेपाशी उभी राहून म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

विक्रेत्यानं क्षणभर पाहिलं. मग हसला, सराईत, गोड. ‘देखा आपने?’ तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. ‘हर किसी को इसमें अपनी माँ दिखती है. यही तो इस रज़ाई का जादू है.’ लोकांनी माना डोलावल्या. एकीनं तर टाळी वाजवली. मी आणखी काही बोलणार होते, बाबांचा झेंडा, माझा स्कर्ट, पण त्या माणसानं आधीच माझं वाक्य उचलून आपल्या गोष्टीला जोडून टाकलं होतं. पुढच्या बसला तो बहुधा तेही सांगेल, की परवा एक बाई इथं उभी राहून रडली.

‘मेरे पिताजी ने पूरी ज़िंदगी इसे सँभाला,’ तो पुढे म्हणाला. ‘जोहरी बाज़ार की एक छोटी-सी दुकान से. वही, जो बाहर बैठे हैं आपके स्वागत में.’

लोक रजयांच्या ढिगांकडे पांगले. मी दाराकडे गेले.

म्हाताऱ्यानं मला पाहून हात जोडले. ‘पधारो सा.’ मी त्याच्या हाताकडे पाहिलं. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. ज्या माणसानं जन्मभर डोक्याला टोपी घातली नाही, त्याच्या डोक्यावर दीड वीत केशरी साफा होता, मिशांना कसलीशी चमक लावली होती. त्यांनाही त्या दुकानानं भिंतीवर टांगलं होतं, फक्त काच नव्हती. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

‘मामाजी,’ मी म्हणाले. ‘भुसावळ.’

जोडलेले हात तसेच राहिले. डोळे तेवढे हलले. ‘बेटा,’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, ‘बहनजी हैं?’

‘आहे,’ मी मराठीतच म्हणाले. त्यांना तेवढं मराठी कळायचं, आईनंच शिकवलं होतं.

मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. दुभंगलेल्या नखाचा अंगठा कागदावरून फिरवला, एका कोपऱ्यात थांबवला, आणि आत जे होतं ते एकेक करून दाबून पाहिलं. ‘हर साल आते हैं,’ ते पुटपुटले. ‘पर अभी तो सावन नहीं है.’ श्रावण नव्हता, जानेवारी होता. आईनं पाकीट हातात दिलं तेव्हा माझ्या डोक्यातही ते आलं नव्हतं.

‘मामाजी, ती गोधडी मला द्या.’

ते रस्त्याकडे पाहू लागले. तिथून हत्तीवर बसून पर्यटक परतत होते. ‘अब उसी पर दुकान खड़ी है, बेटा,’ ते अगदी हळू म्हणाले. ‘उतार दूँगा तो लड़का क्या दिखाएगा?’

मी खूप काही बोलायचं ठरवलं होतं, दारापर्यंतच्या त्या वीस पावलांत. आई तांदूळ कशी निवडत बसली होती ते. दुसरा कप. आपला भाऊ आहे, फसवणार नाही. पण तोंडातून एकच शब्द आला.

‘उंदीर?’

त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक तरुण जोडपं पुढे आलं, ‘अंकलजी, एक फोटो?’ आणि मामाजींनी साफा नीट केला, हात जोडले आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. पाकीट जोडलेल्या हातांतच होतं. त्यांच्या फोटोत आईचं पाकीट आलं असणार.

मी तिथून निघाले.

*

बसमध्ये पिशव्यांची इतकी गर्दी झाली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. सुनंदाताईंनी पिशवी उघडून दाखवली. ‘विधवा राणीची घेतली हो मी,’ त्या म्हणाल्या. ‘लेकीला देईन.’ यंत्रावर छापलेली रजई. मधोमध पांढरं, कडेला लाल-हिरव्या झेंड्यांचे तुकडे, आणि एका निळ्या चौकोनात उसवलेल्या शिवणीची रेघसुद्धा जशीच्या तशी छापलेली. माझी शाळा, माझ्या बापाची नोकरी, माझ्या आईचं लग्न, घडी घालून प्लास्टिकमध्ये. मी म्हणाले, छान आहे.

मग मी आईला फोन लावला. आई माझ्याकडेच असते, नाशिकला, अठ्ठ्याहत्तरीची. या वेळी ती खिडकीपाशी रेडिओ लावून बसलेली असते. मी ठरवलं होतं की सांगायचं, मामाजी गावाला गेलेत, भेट नाही झाली. निदान तिचा भाऊ तरी तिच्याकडे राहू दे. अडतीस वर्षं ज्याला राखी पाठवली त्याचं आता काय सांगायचं म्हाताऱ्या बाईला?

‘पाकीट दिलं का?’ तिनं पहिलंच विचारलं.

‘दिलं,’ मी म्हणून गेले.

‘उघडलं त्यांनी?’

‘नाही. वरूनच चाचपलं.’

आई म्हणाली, ‘आणि गोधडी? मतलब, अजून टांगलेलीच आहे ना?’

मला वाटलं, बसच्या आवाजात मी काहीतरी भलतंच ऐकलं. मी म्हणाले, ‘आई, तुला माहीत होतं?’

‘नागपूरच्या तुझ्या मावशीनं पाहिली होती दुकानात. आपण आल्यावर पुढच्याच हिवाळ्यात. मीच पाठवलं होतं ना तिला तिथं, आपला भाऊ आहे म्हणून.’

अडतीस वर्षं! ते पोस्टकार्ड मी वाचून दाखवलं होतं, उत्तर मी लिहिलं होतं, कपड्याचं काय एवढं. दर श्रावणात पाकिटावर पत्ता मी घातला होता, माझ्या वळणदार हिंदी अक्षरात. आणि तिनं एका शब्दानं मला सांगितलं नाही. मामाजींनी मला फसवलं ते आज कळलं, आणि आईनंही, ते त्याच फोनवर. कुणावर जास्त रागवावं ते मला ठरवता येईना.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू मामाजी-मामाजी करत होतीस. त्या गावातलं तुझं एक तरी राहू द्यावं म्हटलं.’

‘मग राखी कशाला पाठवायचीस?’

‘राखी पाठवली नसती तर सुटला नसता का तो?’ आईचा आवाज अजिबात चढला नाही. ‘दाण्यांमुळे गेली म्हणाला ना? म्हणून दाणे पाठवत गेले. चार. दर वर्षी. आता माझं काय, पुढचा श्रावण दिसतो न दिसतो, म्हणून तुझ्या हातानं पाठवले.’

बाहेर अंधार पडायला लागला होता. कुठल्याशा दुकानाची रोषणाई खिडकीवरून सरकत गेली. सुनंदाताई पिशवीवर डोकं टेकून झोपल्या होत्या.

‘ऊन लागतं का तिच्यावर?’ आईनं विचारलं.

‘नाही. काचेत आहे. आतल्या बाजूला.’

‘मग टिकेल,’ ती म्हणाली. रेडिओ तिनं बारीक केला असावा, कारण तिचा श्वास ऐकू यायला लागला. ‘काय सांगतात गं लोकांना तिच्याबद्दल?’

‘राणीची आहे म्हणतात.’

आई हसली. खरंच हसली, तोंडावर पदर धरून हसते तशी. ‘व माय! कुठल्या राणीची?’

विधवेची, हे मला म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली आणि त्या साडीतली आई मी फक्त एका फोटोत पाहिली आहे, मांडवात, बाबांच्या डाव्या बाजूला, हसू दाबत. चांगलं तासभर त्या दुकानात गोष्ट कशी सांगायची ते मी ऐकत बसले होते. ते आता माझ्या कामी आलं.

‘एका राणीचं लग्न झालं होतं,’ मी म्हणाले. ‘नवऱ्यावर फार जीव होता तिचा. मधे ती पांढरी आहे ना, ती तिच्या लग्नातली साडी, असं सांगतात. आणि झेंडा नवऱ्याचा.’

पलीकडे रेडिओ बंद झाला.

‘मग खरंच सांगतात की गं,’ आई म्हणाली.